प्राचीन रोम आणि इटली मुलांना शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावी ते दहावीच्या मुलांना रोमचा इतिहास शिकवणारे शिक्षक आणि घरी मुलांबरोबर वाचणारे पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी इतिहास शिकवते आणि या सगळ्या उत्तरांमागे माझं एकच ठाम मत आहे: रोम सम्राटांच्या यादीतून शिकवू नये. तो वस्तूंमधून आणि साध्या माणसांमधून शिकवावा, आणि प्रत्येक वेळी मुलांनी ‘हे आपल्याला कशावरून कळलं?’ असं विचारावं.

सुरुवात कुठून करावी? रोम्युलसपासून की ज्युलियस सीझरपासून?

दोघांपासूनही नको. इ.स. ७९ मधल्या पॉम्पेईपासून करा, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या शहरापासून. रोम्युलस-रेमस, त्यांना दूध पाजणारी लांडगी आणि इ.स.पू. ७५३ मध्ये झालेली नगराची स्थापना ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. ती जरूर सांगा, पण नंतर. सीझरपासून सुरुवात केली तर सिनेट, कॉन्सल, ट्रिब्यून हे सगळे शब्द पहिल्याच तासाला अंगावर येतात आणि निम्म्या वर्गाचं लक्ष उडतं.

पॉम्पेईत मुलांना आपल्या ओळखीचं जग सापडतं. रस्ता ओलांडताना पाय चिखलात पडू नयेत म्हणून ठेवलेले उंच दगड, त्या दगडांच्या मधून गाड्या गेल्याने पडलेल्या चाकोऱ्या, दुकानांचे कट्टे, भिंतींवर खरडलेली नावं आणि निवडणुकीतला प्रचार. १८६२ मध्ये तिथल्या एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव सापडले. जळून त्यांचा कोळसा झाला होता, पण आकार शाबूत होता: गोल पाव, आणि मोडून वाटता यावा म्हणून वर पाडलेल्या खाचा. मी पावाचं चित्र फळ्यावर लावते आणि काहीही न सांगता मुलांना निरीक्षणं लिहायला लावते. मग शेजारच्या हर्क्युलेनियम गावात सापडलेला दुसरा पाव दाखवते. त्याच्यावर शिक्का आहे आणि तो वाचता येतो: हा पाव क्विंटस ग्रानियस व्हेरस याचा गुलाम केलेर याचा. वर्गातून लगेच प्रश्न येतो, “गुलामाचं नाव पावावर कशाला?” एवढ्या एका पावातून शेती, दळण, गुलामगिरी आणि मालकी हक्क असे चार तास निघतात.

त्यानंतर धाकट्या प्लिनीची पत्रं घ्या. व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा हा मुलगा १७ वर्षांचा होता आणि उपसागराच्या पलीकडे मिसेनमला आईबरोबर राहत होता. नौदलप्रमुख असलेला त्याचा मामा जहाजं घेऊन लोकांना वाचवायला निघाला आणि परत आलाच नाही. प्लिनी मात्र वाचत बसला होता, दिलेला अभ्यास करत होता, हे तो स्वतःच सांगतो. नववी-दहावीच्या मुलांना हा मुलगा फार जवळचा वाटतो.

उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट की ऑक्टोबर? पुस्तकांत वेगवेगळं का असतं?

प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांवरून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली. पण मूळ पत्र आपल्याकडे नाही. आहेत त्या शतकानुशतकं उतरवून काढलेल्या प्रती, आणि उतरवताना तारखा बिघडतात. शिवाय पॉम्पेईत शरद ऋतूतली फळं आणि शेकोटीच्या शेगड्या सापडल्या होत्या. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली नोंद मिळाली. तिच्यावर १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख आहे, मात्र साल नाही. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही, म्हणून ते उद्रेकाच्या थोडंसंच आधीचं असावं असा तर्क आहे. आज बऱ्याच अभ्यासकांचा कल ऑक्टोबरच्या बाजूने आहे.

‘बरोबर उत्तर’ सांगून हा विषय मिटवू नका. सगळे पुरावे मुलांपुढे ठेवा, दोन गट करा आणि वाद घालू द्या. इतिहास कसा तयार होतो हे समजावण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

इतक्या लांबच्या रोमशी आपला काय संबंध, असं मुलं विचारतात. काय सांगावं?

नकाशा उघडावा आणि नालासोपारा, कल्याण, चौल, पैठण, तेर ही नावं शोधायला सांगावीत. पहिल्या शतकात ईजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचं टिपण आहे. त्यात ही सगळी ठिकाणं थोड्या वेगळ्या उच्चारांत येतात. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड, मलमल भडोचच्या बंदरात जातं, असं तो लिहितो. उलट दिशेने काय येतं? तांबं, कथील, शिसं, पोवळं आणि मद्य. मद्यातही इटलीच्या मद्याला जास्त पसंती, हेही त्याने नोंदवून ठेवलं आहे.

हा व्यापार मोसमी वाऱ्यांवर चालायचा. ईजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठच्या बंदरांतून जुलैच्या सुमारास जहाजं निघायची, नैऋत्य वाऱ्यावर भारतात पोचायची आणि हिवाळ्यात वारे फिरले की परतायची. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात एकट्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत, असं भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. दुसऱ्या बाजूला थोरला प्लिनी, म्हणजे उद्रेकात गेलेला तोच मामा, तक्रार करतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून साम्राज्यातून दरवर्षी १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतात. मुलांना हा आकडा खूप आवडतो. पण एक सूचना त्यांना जरूर द्या: प्लिनी श्रीमंतांच्या चैनीवर चिडलेला आहे, तेव्हा त्याचा आकडा हिशेबनीसाचा समजू नये.

मग पुरावे. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे तिचं नाव पडून गेलं असलं तरी ती यक्षी असावी असं अनेकांचं मत आहे. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत, म्हणून ती आपल्याच भागात घडली असण्याचा विचार अभ्यासक मांडतात. उलट प्रवासाचा पुरावा कोल्हापुरात आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मिळाली आणि ती टाउन हॉल संग्रहालयात ठेवली आहे. मुलांना तिथे नेता आलं तर जरूर न्या. तेरचं लामतुरे संग्रहालयही तितकंच पाहण्यासारखं आहे.

एक खबरदारी. हा संबंध सांगताना ‘रोम आपल्यावरच जगत होतं’ अशा थाटात जाऊ नका. व्यापार दोन्हीकडून होता आणि जहाजांवर ग्रीक, ईजिप्शियन, अरब, भारतीय असे सगळेच होते.

रोम म्हणजेच इटली का?

नाही, आणि हा गोंधळ पहिल्याच आठवड्यात दूर करा. सम्राट ट्रेजनच्या मृत्यूच्या वेळी, इ.स. ११७ मध्ये, साम्राज्य ब्रिटनपासून मेसोपोटेमियापर्यंत पसरलं होतं. खुद्द ट्रेजनचा जन्म आजच्या स्पेनमधला, तर सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं. तेव्हा ‘रोमन’ माणूस सीरियातला असू शकत होता, गॉलमधला (आजच्या फ्रान्समधला) असू शकत होता.

इ.स. ४७६ मध्ये पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला. पण कॉन्स्टँटिनोपलमधलं पूर्वेचं राज्य १४५३ पर्यंत टिकलं आणि तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत. इटली हे राष्ट्र मात्र १८६१ मध्ये जन्मलं. त्याआधी तिथे व्हेनिस, फ्लोरेन्स, नेपल्स, पोपचं राज्य अशी वेगवेगळी राज्यं होती. रोम शहर १८७० मध्ये ताब्यात आलं आणि १८७१ मध्ये राजधानी झालं. १९४६ च्या २ जूनला सार्वमत घेऊन इटलीने राजेशाही संपवली.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात तीन खंडांवर पसरलेल्या साम्राज्याचं प्रकरण आहे, तर इटलीचं एकीकरण दहावीत येतं. मुलं दोन्ही वाचतात, पण मधली चौदाशे वर्षं त्यांच्या डोक्यात नसतात. ती भरून काढणं आपल्याकडे आहे.

सनावळ्या किती पाठ करून घ्यायच्या?

सात-आठ पुरेत: इ.स.पू. ५०९ (प्रजासत्ताक), २१८ (उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्तींसह आल्प्स ओलांडतो), ४४ (सीझरचा खून), २७ (ऑगस्टस), आणि मग इ.स. ७९, २१२, ३१३ (ख्रिस्ती धर्माला मोकळीक), ४७६.

पाठांतरापेक्षा दोरी वापरा. एका वर्षाला एक सेंटिमीटर धरला तर इ.स.पू. ७५३ ते इ.स. ४७६ हे अंतर १२ मीटर २८ सेंटिमीटर होतं. मधे शून्य साल नाही, हा हिशेब मुलांनाच करू द्या. व्हरांड्यात दोरी बांधून तिच्यावर चिठ्ठ्या अडकवायच्या. वरच्या बाजूला रोम, खालच्या बाजूला भारत. अशोक आणि रोम-कार्थेजमधलं पहिलं प्युनिक युद्ध एकाच जागी येतात हे पाहून मुलं थक्क होतात. पेरिप्लस आणि पॉम्पेई सातवाहनांच्या काळाजवळ येतात. एरवी मुलांच्या मनात भारताचा इतिहास एका कपाटात आणि जगाचा दुसऱ्यात असतो. ही दोरी ते दोन्ही एका रांगेत आणते.

ग्लॅडिएटर आणि गुलामगिरी लहान मुलांना कशी सांगायची? भीषण भाग गाळावा का?

गाळू नये. पण करमणूक म्हणूनही सांगू नये.

मुलांना रिंगणात झुंजणारे ग्लॅडिएटर आधीच माहीत असतात, ते वीर म्हणून. म्हणून मी प्रश्न उलटा टाकते: ही माणसं रिंगणात कुठून आली? बहुतेक युद्धकैदी, गुलाम आणि शिक्षा झालेले. काही स्वतंत्र माणसंही पैशासाठी करारावर येत. त्यांना प्रशिक्षण देणं खर्चाचं असे, त्यामुळे प्रत्येक झुंज मृत्यूनेच संपत नसे. ही माहिती खरी आहे आणि द्यायलाच हवी. पण तिचा उपयोग क्रूरता सौम्य करण्यासाठी होऊ देऊ नका. जो माणूस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याच्या जिवाचा हिशेब खर्चावरून व्हावा, यातच त्या व्यवस्थेचं खरं स्वरूप दिसतं.

ग्लॅडिएटर स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचं गुलामांचं बंड इ.स.पू. ७३ ते ७१ या काळातलं. ते मोडल्यावर पकडलेल्या ६,००० जणांना कापुआ ते रोम या आपिया रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं. सहावीत मी एवढं सांगते की बंड झालं, हजारो लोक त्यात उतरले, आणि शिक्षा फार क्रूर होती. नववीत तपशील सांगते आणि मग विचारते की ज्या रस्त्याचं आपण गेल्या तासाला कौतुक केलं, तो हाच ना? रस्ते, जलवाहिन्या, खाणी, शेती, घरकाम, अगदी मुलांना शिकवणं, सगळीकडे गुलामांचे हात होते. हे स्थापत्याच्या धड्यातच सांगा. ‘गुलामगिरी’ असा वेगळा, शेवटी उरकायचा धडा करू नका.

पॉम्पेईतल्या मृतांचे प्लास्टरचे साचे दाखवायचे का, हाही याच वळणाचा प्रश्न. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ फियोरेल्ली यांनी राखेत उरलेल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून ते तयार केले. माझं मत असं की दाखवावेत, पण आधी सांगून, मोजकेच, आणि ती खरी माणसं आहेत याची जाणीव देऊन. ज्या मुलाला बघायचं नसेल त्याला सूट द्यावी. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर त्या मुलाशी आधी बोलून घ्यावं.

पुस्तकांत पुरुषच पुरुष असतात. बायका आणि मुलं कुठे सापडतील?

विंडोलांडाला. ब्रिटनच्या उत्तरेकडच्या या लष्करी छावणीत ओल्या मातीत लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं टिकून राहिली. इ.स. १०० च्या आसपास क्लॉडिया सेव्हेरा या अधिकाऱ्याच्या बायकोने सुल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं पाठवलं. मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आहे, पण शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने, जरा अडखळत्या अक्षरात लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हातचं लॅटिन लिखाण म्हणून हा सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक आहे. तिथल्याच दुसऱ्या पत्रात कोणीतरी मोजे, चपला आणि अंतर्वस्त्रं पाठवल्याची नोंद आहे, आणि त्यावर वर्ग हमखास खळखळून हसतो. हसू द्या. थंडीत कुडकुडणारा सैनिक त्यानंतर कोणी विसरत नाही.

मुलांसाठी: मेणाच्या पाट्या आणि टोकदार लेखणी, आक्रोडांचे खेळ, हाडांचे फासे, गळ्यात घालायचा ‘बुल्ला’ नावाचा ताईत. पुठ्ठ्याच्या चौकटीत मेण ओतून पाटी घरीच करता येते. जुन्या मेणबत्त्या पुरतात, पण वितळवायचं काम मोठ्यांनी करावं.

हमखास सांगितल्या जाणाऱ्या चुकीच्या गोष्टी कोणत्या?

ज्युलियस सीझर सम्राट नव्हता. तो तहहयात हुकूमशहा होता, पहिला सम्राट ऑगस्टस. ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ हे सीझरच्या तोंडचं मानलं जाणारं लॅटिन वाक्य शेक्सपिअरच्या नाटकामुळे घरोघरी पोचलं. सीझरचा खून फोरममधल्या सभागृहात झाला नाही, तर पॉम्पे या सेनापतीने बांधलेल्या नाट्यगृहाला जोडलेल्या दालनात झाला. त्याचे अवशेष रोममध्ये लार्गो आर्जेंटिना चौकात आहेत आणि तिथेच आज भटक्या मांजरांचा आश्रम आहे.

इ.स. ६४ च्या रोमच्या आगीत सम्राट नीरो फिडल वाजवत होता, हे खरं नाही. ते वाद्यच तेव्हा नव्हतं, आणि आग लागली तेव्हा तो रोमबाहेर अँटियमला होता असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याचा एकही प्राचीन आधार नाही. ‘व्होमिटोरियम’ ही ओकाऱ्या काढायची खोली नव्हती, तर प्रेक्षागृहातून बाहेर पडायची वाट होती. आणि पुतळे पांढरेशुभ्र नव्हते, ते रंगवलेले असत. ऑगस्टसच्या प्रीमा पोर्ता इथल्या प्रसिद्ध पुतळ्यावर रंगाचे अंश सापडले आहेत. या शेवटच्या गोष्टीसाठी पुतळ्याची रेखाकृती वाटून मुलांना रंगवायला द्या.

स्थापत्य शिकवताना काय करून घेता येईल?

कमान. ओल्या मातीचे पाचरीच्या आकाराचे सात किंवा नऊ ठोकळे करून वाळवा. पुठ्ठ्याच्या अर्धगोल आधारावर दोन्ही बाजूंनी ते रचत या, सगळ्यात शेवटी वरचा मधला ठोकळा बसवा आणि आधार काढा. दोन्ही टोकांना पुस्तकांचा टेकू द्यायला विसरू नका, नाहीतर कमान पाय फाकून बसते. ती का बसते हे मुलांनी शोधलं की रोमन भिंती इतक्या जाड का, याचं उत्तर त्यांना आपोआप मिळतं.

रोममधल्या पँथिऑन या मंदिराचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा आहे आणि जमिनीपासून वरच्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. मैदानावर चुन्याने हे वर्तुळ आखा आणि अख्ख्या वर्गाला मधे उभं करा. लोखंडी सळ्यांशिवाय बांधलेला हा काँक्रीटचा घुमट सम्राट हेड्रियनच्या काळापासून उभा आहे. काँक्रीटमध्ये ज्वालामुखीची राख होती आणि घुमटात वरवर जाताना खडी हलकी होत जाते. झरोक्यातून पाऊस आत पडतो. फरशीला किंचित उतार देऊन पाण्याची सोय केलेली आहे.

जलवाहिन्यांबद्दल एकच: उंच कमानी चित्रात दिसतात, पण बहुतेक लांबी जमिनीखालून होती. फ्रान्समधल्या नीम शहराची वाहिनी सुमारे ५० किलोमीटर धावते आणि उतार जेमतेम बारा-तेरा मीटर. हे गणित मुलांना सोडवू द्या.

लॅटिन किंवा इटालियन यायला हवं का?

शिकवण्यासाठी नाही. मात्र पाच-दहा लॅटिन शब्द संस्कृतच्या शेजारी मांडा: पातेर-पितृ, मातेर-मातृ, सेप्तेम-सप्त, देकेम-दश. आठवीपासून संस्कृत घेतलेल्या मुलांना मोठा आनंद होतो.

इटालियन उच्चार मराठी मुलांना सोपे जातात. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि जोडाक्षर पूर्ण वजनाने उच्चारायचं असतं. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. इंग्रजीतून वाचलं की ब्रुस्केत्ताचं ‘ब्रुशेटा’ होतं. शब्द थेट देवनागरीत लिहून द्या.

संस्कृतीच्या नावाखाली पिझ्झा दिवस करावा का?

करा, पण रोमन काळाशी त्याची सरमिसळ नको. प्राचीन रोमनांकडे टोमॅटो, बटाटा, मका, मिरची यांतलं काहीच नव्हतं. हे सगळं अमेरिका खंडातून, कोलंबसनंतर आलं. गरीब माणसाचं रोजचं खाणं म्हणजे पाव, कडधान्यं आणि धान्य शिजवून केलेलं, आपल्या लापशीसारखं ‘पुल्स’. श्रीमंतांच्या जेवणात गारुम नावाचा आंबवलेल्या माशांचा रस आणि मलबारहून आलेली मिरी.

वर्गात करता येण्यासारखा एक पदार्थ आहे, ‘लिबुम’. इ.स.पू. दुसऱ्या शतकात काटो या रोमन लेखकाने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात त्याची कृती दिली आहे: दोन भाग ताजं चीज चांगलं कुस्करायचं, एक भाग पीठ, एक अंडं, मळून गोळा करायचा, खाली पानं पसरून मंद आचेवर झाकून भाजायचा. चीजऐवजी घरचं पनीर चालतं. काटोची पानं आपल्या तमालपत्राहून वेगळ्या झाडाची, पण वासासाठी तमालपत्र ठेवायला हरकत नाही. अंडं न खाणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा गोळा करा आणि आधी सांगा. वरून मध ओतलेला अनेक ठिकाणी दिसेल. काटोच्या लिबुमात तो नाही.

आजच्या इटलीचं जेवणही एकसारखं नाही. मिलानचा रिसोत्तो, उत्तरेची पोलेंता, जेनोआचं पेस्तो, नेपल्सचा पिझ्झा. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं.

खाण्यापलीकडे इटलीची ओळख कशी करून द्यावी?

तिथल्या मुलाचं वर्ष सांगा. ६ जानेवारीला बेफाना नावाची म्हातारी झाडूवरून येऊन मोजे खाऊने भरून जाते. माध्यमिक शाळेत गुण दहापैकी मिळतात आणि तोंडी परीक्षेला फार महत्त्व असतं. प्राथमिकच्या पाचवीत रोमचा इतिहास येतो, आणि पुढे ‘लिचेओ क्लासिको’ ही अभिजात भाषांची उच्च माध्यमिक शाळा निवडली तर लॅटिन आणि ग्रीक दोन्ही शिकावं लागतं. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोची सुट्टी असते. तिचं मूळ थेट सम्राट ऑगस्टसने सुरू केलेल्या सणात आहे.

सिएना गावातली पालिओ ही घोड्यांची शर्यत मला सगळ्यात आवडते. २ जुलै आणि १६ ऑगस्टला गावातल्या मुख्य चौकात माती पसरून ती धावतात. गावात १७ पेठा, पण एका शर्यतीत घोडे दहाच. प्रत्येक पेठेचा आपला झेंडा, आपलं चर्च, आपलं चिन्ह: गोगलगाय, हंस, कासव. खोगीर नसतं, आणि स्वार पडला तरी घोडा एकटा पहिला आला तर त्याची पेठ जिंकते.

माफियाचा प्रश्न कोणीतरी विचारतंच. तेव्हा सिनेमातल्या टोळ्यांपेक्षा न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लीनो यांच्याबद्दल सांगा. माफियाविरुद्ध उभे राहिल्यामुळे १९९२ मध्ये दोघांनाही सिसिलीत बॉम्बस्फोटात मारलं गेलं.

आधुनिक इटलीचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि मुलांना तो फारसा माहीत नसतो. इटलीच्या एकीकरणासाठी झटलेल्या माझिनीचं सावरकरांनी लिहिलेलं मराठी चरित्र १९०७ मध्ये निघालं आणि ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीतून प्रेरणा घेऊन ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षण उभं केलं. महागड्या साधनांऐवजी तिथे शंख-शिंपले, बिया, पानं आली.

आणि दुसरं महायुद्ध. नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीचे, आजच्या रायगड जिल्ह्यातले, वय २२. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रियातल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारक आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढलं आणि मग मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांनाही तोच सन्मान मिळाला. टायबर म्हणजे रोममधून वाहणारीच नदी, हे नकाशावर दाखवा.

मूल्यमापन कसं करावं?

पुरावा द्या आणि त्यावर विचारा. ‘पॉम्पेईच्या एका घरात भारतीय मूर्ती सापडली. यावरून काय नक्की म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही?’ किंवा ‘केलेरच्या आयुष्यातला एक दिवस लिहा, ज्या वाक्याला पुरावा आहे त्याखाली रेघ मारा.’ दुसऱ्या प्रकारात कल्पना आणि माहिती वेगळी दिसते आणि तपासायलाही सोपं जातं.

इटलीला सहल न्यायची झाली तर?

रोमला दोन दिवस, नेपल्सला दोन. कोलोसियमपेक्षा ओस्तिया आंतिकाला जास्त वेळ द्या. रोमचं हे जुनं बंदर रेल्वेने अर्ध्या तासावर आहे, गर्दी कमी, आणि तिथली घरं, गोदामं, सार्वजनिक शौचालयं मुलांना मोकळेपणाने बघता येतात. पॉम्पेईच्या आधी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय पाहा, कारण तिथल्या बहुतेक वस्तू आणि भित्तिचित्रं या संग्रहालयात आणून ठेवली आहेत. हस्तिदंती मूर्ती ज्या ‘गुप्त दालनात’ आहे, तिथे इतर वस्तू कामुक विषयांच्या आहेत. शिक्षकांनी आधी स्वतः आत जाऊन यावं आणि मगच मुलांना न्यायचं की नाही ते ठरवावं. राज्याच्या मालकीची संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, पण गर्दी इतकी की तीस-चाळीस मुलांचा गट सांभाळणं कठीण. साधा वार निवडा. पॉम्पेईत सावली कमी, रस्ते ओबडधोबड दगडांचे, तेव्हा बूट घट्ट तळव्याचे हवेत आणि प्रत्येकाकडे टोपी आणि पाण्याची बाटली हवी.